जर्मनी, परभणी आणि सोडा

‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ ही म्हण कोणी पाडली, हे आजतागायत कळलेलं नाही. जर्मन लोकांनी तिच्यावर हरकत घेतलेली नाही, त्याअर्थी त्यांना ती मान्य असावी. आमच्याकडे दुसरीही एक म्हण आहे: ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. पहिली म्हण आम्ही बाहेरच्यांना ऐकवतो, दुसरी बाहेरचे आम्हाला ऐकवतात. या दोन म्हणींच्या मधल्या जागेत जिल्हा सुखाने नांदतो.

पेडगाव याच जिल्ह्यातलं. परभणीहून मनमाडच्या दिशेने निघालं की लगेच लागणारं स्टेशन. पॅसेंजर थांबते. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या मोठ्याने भोंगा वाजवून गावाचा मान राखतात आणि निघून जातात. उन्हाळ्यात इकडचा पारा ४३-४४ अंशांना टेकतो आणि डिसेंबरात हीच परभणी राज्यातल्या नीचांकी तापमानासाठी पेपरात येते. असल्या हवेत माणसाला दोनच गोष्टींची चिंता असते. मे महिन्यात आत काहीतरी गार गेलं पाहिजे आणि डिसेंबरात आत काहीतरी गरम वाटलं पाहिजे. या दोन्ही सोयी एकाच घराने, एकाच छपराखाली केल्या तर?

हा विचार गावात राहणाऱ्या माणसाला सुचत नाही. त्यासाठी पुण्याहून दिवाळीला यावं लागतं.

पेडगावात एक सोडेवालं घर आहे, असं आपण धरून चालू. नाव देत नाही, कारण नाव दिलं की भावकी ‘आमचं कामून न्हाई टाकलं?’ म्हणत दारात येते. तर या घरात आजोबांनी सोड्याचं मशीन आणलं, थोरल्या अप्पांनी गाडा वाढवला, धाकट्या काकांनी जिरा सोडा काढला आणि पुतण्या हिंजवडीत कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला. घराण्याच्या उत्कर्षाचा हा सर्वमान्य क्रम आहे. पुढची पायरीही ठरलेली असते. लक्ष्मीपूजन आटोपलं की पुतण्या चिवड्याची वाटी हातात घेऊन म्हणतो, “आपण हा धंदा स्केल करू.”

पुतण्याची योजना सोपी होती. खाली सोडा फॅक्टरी आहेच, वर छोटी ब्रुअरी टाकायची. घरच्या घरी बियर, तीही मोठ्या कंपनीची पाणचट नव्हे, तर थोडी थोडी, हाताने, मन लावून केलेली. पुण्यात असली बियर लोक रांगा लावून पितात.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आतापर्यंत लोक आपला सोडा घेऊन दुसरीकडं जाऊन बसत होते. आता इथंच बसणार. म्हंजे बाटली तरी येळेवर परत मिळंल, न्हाई का?”

पुतण्याला हा प्रश्न गौण वाटला. तो गौण नव्हता. या सबंध धंद्यातला तोच एक प्रश्न होता, पण तिथे यायला वेळ आहे.

पुतण्याकडे पुरावे होते. देशातली पहिली मायक्रोब्रुअरी समजली जाणारी ‘डूलाली’ २००९मध्ये आपल्या पुण्यातच निघाली आणि तिथे बियर करायला ऑलिव्हर शाउफ नावाचा साक्षात जर्मन माणूस होता. म्हणजे जर्मनी पुण्यापर्यंत आलेली आहे, परभणी काही फार लांब नाही. जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ साली कायदा झाला, की बियरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी याखेरीज काहीही घालायचं नाही. अप्पांना हा कायदा फार आवडला. “आपल्याकडं दुधाला असा कायदा पायजे,” ते म्हणाले.

मग विषय आपल्याकडच्या कायद्यावर आला आणि बैठकीत जरा रंग भरला. आपल्या राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. म्हणजे दारूबंदी आहे आणि दारूही आहे. दोघांच्या मध्ये एक परवाना आहे. हा परवाना माणसाला आरोग्य सांभाळण्यासाठी आणि ते टिकवण्यासाठी मिळतो. संध्याकाळी वाईन शॉपपुढे जी गर्दी दिसते, ती वास्तविक आरोग्याबाबत जागरूक नागरिकांची असते. वयाची अटही मोठी मार्मिक आहे. बियरला २१ वर्षं पुरी लागतात, व्हिस्की-रमला २५. पुरुषाच्या लग्नाचं वयही २१च. म्हणजे लग्न केल्या दिवसापासून बियरची गरज पडेल, हे शासनाने ओळखलेलं आहे. व्हिस्कीची गरज पडायला मात्र चार वर्षांचा संसार व्हावा लागतो.

“आन् सोड्याला किती वय लागतं?” काकूंनी आतून विचारलं.

सोड्याला वय लागत नाही. सोड्याचं सगळं सामर्थ्य यातच आहे. पोरगं शाळेतून आलं की सोडा, जेवण जड झालं की सोडा, पित्त चढलं की सोडा, उरुसात पाय दुखले की सोडा. कीर्तनकारबुवाही पितात आणि बुवांचं कीर्तन ज्यांच्यासाठी असतं तेही पितात. फरक एवढाच, की बुवा सोडा तिथेच उभ्याने पितात आणि दुसरे ‘पार्सल’ नेतात. पार्सल नेणारा कधीही गाड्याशी गप्पा मारत थांबत नाही. त्याच्या घरी नेहमी पाहुणे आलेले असतात. पाहुण्यांना नेहमी अपचन झालेलं असतं.

या सोड्याचा जन्मच मुळी बियरच्या शेजारी झालेला आहे. इंग्लंडात लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली नावाचे पाद्री राहत. घराला लागून बियरची भट्टी. १७६७च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की आंबणाऱ्या पिंपावर एक जड हवा तरंगत असते आणि तिच्यात जळती काडी धरली की विझते. त्यांनी त्या हवेत पाण्याची भांडी धरली, पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतलं, आणि पाण्याला चुरचुरीत चव आली. १७७२मध्ये त्यांनी ही कृती छापून टाकली. पुढे श्वेप नावाच्या गृहस्थांनी १७८३मध्ये जिनिव्हात तिचा धंदा केला. प्रीस्टलींना मान मिळाला, श्वेपना पैसा. शोध लावणाऱ्याची आणि बाटलीत भरणाऱ्याची वाटणी तेव्हापासून अशीच चालू आहे.

मला कौतुक वाटतं ते लीड्सच्या लोकांचं. धर्मोपदेशक रोज भट्टीवर जातो, पिंपावर वाकून उभा राहतो आणि ‘मी पाणी बघत होतो’ म्हणतो, आणि गाव त्यावर विश्वास ठेवतं! पेडगावात बुवांनी हा प्रयोग केला असता तर पाण्यात गॅस मिसळायच्या आत बातमी परभणीत मिसळली असती.

पुतण्याचा दुसरा मुद्दा घराण्यांचा होता. “घरगुती धंदा मोठा होतो, अप्पा. इतिहास बघा.” इतिहास बघितला. आपल्याकडे सोड्याचा इतिहास पारशी आणि इराणी घरांनी लिहिलेला आहे. मुंबईत पालनजी १८६५पासून. पुण्याच्या कॅम्पात अर्देशीर १८८४पासून. तिथल्या गोऱ्या पलटणींना व्हिस्कीत घालायला काहीतरी लागेच. मुंबईत १८८९मध्ये दिनशॉजी पांडोळे यांनी ‘ड्यूक्स’ काढलं. हे गृहस्थ क्रिकेट खेळत आणि इंग्लंडच्या ड्यूक चेंडूवरून त्यांनी नाव घेतलं, असं सांगतात. पारशी नवजोत असो की लग्न, ताटापुढे लालभडक रास्पबेरीची बाटली आल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. दारूबंदी आली तेव्हा गुत्ते बंद झाले, बार बंद झाले, पण सोडा कारखान्यांवर कोणी बंदी घातली नाही. त्या काळात मुंबईकर एवढा सोडा कशात घालून पीत होते, हे विचारण्याचा असभ्यपणा सरकारनेही फारसा केला नसावा.

पुढे काय झालं? ड्यूक्स १९९०च्या दशकात पेप्सीने घेतलं. पार्लेच्या चौहानांनी १९७७मध्ये, कोकाकोला देश सोडून गेल्यावर, थम्स अप आणलं, गल्लोगल्ली पोचवलं, आणि १९९३मध्ये परत आलेल्या त्याच कोकाकोलाला विकून टाकलं. पाहुणा गेला म्हणून आपण खोलीला रंग दिला आणि पाहुणा परत येऊन खोलीच घेऊन गेला. अर्देशीर मात्र पुण्यात अजून अर्देशीरच आहे. पालनजीही पारशी पंगतीत टिकून आहे.

“म्हंजे जे मोठे झाले ते गेले आन् जे ल्हान राह्यले ते राह्यले,” अप्पांनी सारांश काढला. “मंग तू नेमकं कशाला म्हणून राह्यला?”

पुतण्या म्हणाला, “तसं नाही अप्पा, ते एक्झिट असतं.”

“एक्झिटच पायजे आसंल तर मनमाडची पॅसेंजर हाय की.”

आता बाटलीकडे येऊ. अप्पांच्या कारखान्यातली बाटली गोटीची आहे. हिराम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२मध्ये या बाटलीचं पेटंट घेतलं. जगाने ती कधीच मोडीत काढली. जपानात रामुने नावाच्या सरबतापुरती आणि आपल्याकडे यात्रा-उरुसांपुरती ती उरली. तिची रचना बघण्यासारखी आहे. मानेत काचेची गोटी, तोंडाशी आतून रबराचा वायसर. बाटलीत आधी रंगीत पाक, मग पाणी. मग ती मशीनच्या चौकटीत अडकवायची, सिलिंडरचा गॅस सोडायचा आणि हँडल मारून चौकटच गरगरा उलटी फिरवायची. बाटली उलटी झाली की गोटी घरंगळून तोंडाशी येते, आतला गॅस तिला वायसरवर दाबून धरतो, आणि बाटली सुलटी केली तरी गोटी खाली पडत नाही. बूच नाही, पत्रा नाही, दोरी नाही. आतलंच भांडण आतल्याला बाहेर जाऊ देत नाही. एकत्र कुटुंब याच तत्त्वावर चालतं.

फोडतानाची गंमत वेगळी. लाकडी बूच गोटीवर ठेवून वरून थाप मारायची. ‘फट्ट’ असा आवाज, मग थोडा फेस, मग गोटीची आतल्या आत टणटण. पिताना बाटली एका बाजूने धरावी लागते, कारण मानेत दोन खोबणी असतात आणि गोटी त्यांच्यात अडकली तरच सोडा तोंडात येतो. उलट्या बाजूने धरली की गोटी पुढे येऊन तोंड बंद करते आणि पिणारा नुसताच आकाशाकडे बघत राहतो. शहरातला पाहुणा ओळखायची आमच्याकडची ही सगळ्यात स्वस्त परीक्षा आहे.

मे महिन्यात या बाटल्या ओल्या पोत्याखाली झाकून ठेवतात. पाणी तापलं की गॅस त्यात राहायला तयार नसतो, त्यामुळे दुपारी दोनचा सोडा नुसता गोड आणि चिडका लागतो. अप्पा म्हणूनच दुपारी सोडा विकताना गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देत नाहीत.

तर अशी ही बाटली. तिच्यातल्या मालाला किंमत नाही. पाणी, साखर, इसेन्स आणि गॅस. किंमत बाटलीला आहे. जाड काच, आत गोटी. अशी बाटली करणारे देशात मोजकेच उरले आहेत. त्यामुळे सोडेवाल्याचं भांडवल बँकेत नसतं, गिऱ्हाइकाच्या हातात असतं, आणि गिऱ्हाईक पिऊन होईपर्यंत सोडेवाला त्याच्या तोंडाकडे बघत उभा असतो. लोकांना वाटतं, चव आवडली का ते बघतोय.

काकूंची वही या संदर्भात वाचण्याजोगी आहे. तिच्यात विक्रीचा हिशोब कमी आणि बाटल्यांचा जास्त. लग्नाला गेलेले क्रेट, आलेले क्रेट, आणि तिसऱ्या रकान्यात कारणं: ‘वऱ्हाडाने नेल्या’, ‘पोरांनी गोटीसाठी फोडल्या’, ‘नवरदेवाच्या मामाने एक सोबत ठेवली’. एका लग्नात तर मुलीकडचे म्हणाले, बाटल्या मुलाकडच्यांकडे आहेत, आणि मुलाकडचे म्हणाले, त्या आम्हाला दिल्यात असं समजलो. हुंड्याविरुद्ध कायदा आहे, पण त्याखाली क्रेट परत मिळत नाहीत.

धंद्याची हद्दही ही बाटलीच ठरवते. परभणीला तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो, तिथे पेडगावचा सोडा जाऊ शकतो, कारण रिकामे क्रेट रात्री त्याच टेम्पोत परत येतात. पण स्टेशनवर? पॅसेंजर उभी राहते, खिडकीतला माणूस सोडा मागतो, अर्धी बाटली पितो, गाडी हलते. आता विक्रेता फलाटावरून गाडीबरोबर पळतोय आणि आतला माणूस घाईघाईने पितोय, ठसकतोय, पुन्हा पितोय. दोघांचीही दानत चांगली असते, वेग मात्र इंजिनचा असतो. बाटली मानवत रोडला गेली, सेलूला गेली, मनमाडला गेली. सोडा राज्यभर पोचला असं पुतण्या म्हणेल. भांडवल राज्यभर पांगलं असं काकू म्हणतात.

मला वाटतं, जुन्या सोडेवाल्यांचे नकाशे असेच पडलेले आहेत. परत येणारी काचेची बाटली वापरणारा माणूस रिकामी बाटली घरी येईल तिथपर्यंतच पसरतो. चव कितीही चांगली असली तरी पसारा टेम्पो, गल्ली आणि ओळखीच्या दुकानदाराएवढाच. ड्यूक्स-पार्लेवाल्यांनी गावोगावी बाटलीबंद करणारे उभे केले तेव्हा कुठे ते पुढे सरकले.

“म्हणूनच बियर,” पुतण्या उसळून म्हणाला. “मायक्रोब्रुअरीत बाटलीच नसते! पिंपातून ग्लासात, ग्लासातून पोटात. ग्लास आपल्याच टेबलावर.”

हा मुद्दा बिनतोड होता. अप्पा विचारात पडले. पुतण्याने लोखंड तापलेलं बघून पुढचा घाव घातला. सातू बाहेरून कशाला आणायचा? आपल्याकडे ज्वारी आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ काढली, लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ काढली. आफ्रिकेत ज्वारीची बियर पिढ्यान्‌पिढ्या करतात. नायजेरियाने १९८८मध्ये सातूची आयातच बंद केली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्या मुकाट्याने ज्वारीवर आल्या. शिवाय आपल्याकडची थंडी! लागर जातीच्या बियरला आंबताना दहा-बारा अंश तापमान लागतं. जर्मनीने त्यासाठी तळघरं खोदली. आपल्याकडे जानेवारीत पिंप ओसरीवर ठेवलं की झालं.

“आन् मे महिन्यात?” अप्पा.

“मे महिन्यात फ्रीज.”

“आन् लाईट गेली की?”

पुतण्याने हा प्रश्न नोंद करून घेतला.

खरा अडथळा मात्र लाईटचा नव्हता. एक लिटर बियर करायला चार-सहा लिटर पाणी जातं. बियर कारखान्यांच्या पाण्याची गोष्ट मराठवाड्यात हसत हसत सांगायची नाही. २०१६च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, आणि त्याच एप्रिलात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बियर-मद्याच्या कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कापायला लावलं. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या जिल्ह्यातही येतो. म्हणजे येतो असं कागदावर आहे; आवर्तन सुटलं की माणसं कालव्याच्या कडेला रांगेने उभी राहून वरच्या गावाला नावं ठेवतात. अशा गावात ज्वारी आंबवून, पाच लिटर पाण्याची एक लिटर बियर करून, ती आरोग्यासाठी पिणाऱ्यांना विकायची, तर पहिला मोर्चा ज्वारीवाल्यांचा येईल, दुसरा पाणीवाल्यांचा आणि तिसरा महिला मंडळाचा. तिसऱ्याचं नेतृत्व काकूंकडे असेल, हे घरात सगळ्यांना दिसत होतं.

शिवाय भावकी. मशीन थोरल्यांचं, जिऱ्याची कृती धाकट्यांची, आणि फॅक्टरीचं लायसन वारलेल्या आजोबांच्या नावावर. सोड्याच्या फॅक्टरीला हे चालून जातं. उत्पादन शुल्कवाले साहेब मात्र आजोबांना भेटायची इच्छा व्यक्त करतील.

शेवटी पुतण्याने ब्रुअरी तात्पुरती बाजूला ठेवली आणि सोड्याकडे वळला. नवे स्वाद निघाले. लेमन होताच, त्यात हिरवा रंग घालून पुदिना, निळा घालून ‘ब्ल्यू’, आणि सगळे रंग संपल्यावर उरलेल्याचा मसाला सोडा झाला. गिऱ्हाइकांनी चारही पिऊन पाहिले आणि पूर्वीचा जिरा मागितला. मग पुतण्याने अखेरचा पत्ता टाकला: काच बंद, गोटी बंद, प्लास्टिकची बाटली. वजन नाही, डिपॉझिट नाही, फलाटावर पळापळ नाही. गाडी हलली तर हलू दे, बाटली मनमाडला जाऊ दे, मुंबईला जाऊ दे! पेडगावच्या सोड्याला हद्दच नाही.

अप्पांना पटलं. धाकट्या काकांनाही पटलं, आणि दोघांना एकच गोष्ट पटण्याचा तो घरातला पहिलाच प्रसंग असल्याने थोडा वेळ सगळे अवघडून बसले.

काकू वही घेऊन बाहेर आल्या. “प्लास्टिकची बाटली परत येत न्हाई ना?”

“नाही काकू! तेच तर सांगतोय.”

“मंग गिऱ्हाईक कशाला परत येईल? डिपॉझिटच्या पैशासाठी बाटली घिऊन येतंय, तव्हा उन्हात उभं राहून दुसरा सोडा पितंय. अर्धी इक्री त्या दुसऱ्या बाटलीची हाय बाबा.” त्यांनी वहीचं पान उलटून दाखवलं. बाटली परत आल्याच्या प्रत्येक नोंदीपुढे, त्याच ओळीत, त्याच नावावर, एक नवी बाटली गेलेली होती.

पुतण्याने वहीचा फोटो काढला. गिऱ्हाईक परत यायचा हा मंत्र शिकवायला पुण्यातल्या कॉलेजात दोन वर्षं घेतात आणि फी कर्ज काढून भरावी लागते. त्याचे शेवटचे तीन हप्ते अजून बाकी आहेत.